बूट, शाफ्ट आणि भंगाराचा ढीग

दीड लाख किलोमीटर पळून ठणठणीत असलेले ड्राइव्ह शाफ्ट मी पाहिलेत आणि चाळीस हजारांत संपलेलेही पाहिलेत. गाड्या त्याच, रस्ते तेच, चालवणारेही फार वेगळे नाहीत. फरक एवढाच की त्यावरचं रबर कधी फाटलं आणि ते फाटल्याचं कुणाच्या लक्षात कधी आलं.

कोल्हापुरात गॅरेज चालवण्यात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळंच हाताखालून गेलं. पण धंद्यातली माणसं ओळखायला मी शिकलो ते या शाफ्टमुळे, ज्याला काही गिऱ्हाइकं अ‍ॅक्सल म्हणतात. कारण तो बदलायची वेळ आली की दर वेळी निवड करावी लागते. कंपनीचा नवा घ्यायचा, बाजारातला नवा घ्यायचा, रिकंडिशन केलेला घ्यायचा की भंगारातनं काढलेला? या एका प्रश्नावर गिऱ्हाईक, दुकानदार आणि मिस्त्री तिघांचाही स्वभाव बाहेर पडतो.

ज्यांच्या हाताखाली मी पाने उचलायला शिकलो, ते मिस्त्री अँबॅसिडर, पद्मिनी आणि जीपवर तयार झालेले. त्या गाड्यांत इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि मधे लांबलचक प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकांना क्रॉस. क्रॉस ढिला झाला की गिअर टाकताना ‘टण्ण’ वाजायचं. ग्रीसगन लावायची, नाही भागलं तर नवा क्रॉस ठोकायचा. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढच्या काही वर्षांत ती आमच्याकडच्या गल्लीबोळांत दिसू लागली आणि इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर गेली. आमच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा त्या गाडीखाली डोकं घातलं तेव्हा विचारलं होतं, “ह्येला निप्पलच न्हाई, मग ग्रीस मारायचं कुठनं?”

प्रश्न बिनतोड होता. पुढच्या चाकांच्या शाफ्टवर क्रॉसच्या जागी जो जॉइंट असतो, त्याला बाहेरून ग्रीस मारायची सोयच नसते. कारखान्यात जे भरलं, त्यावरच त्याने जन्म काढायचा असतो.

पुढच्या चाकाला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. गाडी ओढायची आणि वळायचंही. साधा क्रॉस कोनात फिरवला तर एका फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक असं हिसके देत फिरलं तर गाडी चालवणं मुश्कील. त्यावर फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२०च्या दशकात तोड काढली. बाहेर एक वाटी, आत एक गोट, दोघांवर कोरलेल्या सहा-सहा वक्र खाचा, त्या खाचांमध्ये सहा पोलादी गोळ्या आणि गोळ्यांना जागेवर धरणारा केज. शाफ्ट कितीही वाकला तरी गोळ्या नेहमी त्या कोनाच्या बरोबर मधोमध राहतात, म्हणून आत येणारा वेग आणि बाहेर जाणारा वेग सारखाच राहतो. १९५९च्या ब्रिटिश मिनीने हा जॉइंट छोट्या गाड्यांत रूढ केला. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या चाकाकडच्या टोकाला हीच रचना असते. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुधा तीन रोलरचा जॉइंट असतो. तो कोनात फार फिरत नाही, पण चाक खड्ड्यात खालीवर झालं की आतबाहेर सरकतो.

हे सगळं काळ्या, मॉलिब्डेनमवाल्या ग्रीसमध्ये बुडालेलं आणि वर चुण्यांचं रबरी आवरण. त्याला आम्ही बूट म्हणतो. दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या. एका शाफ्टला दोन बूट, गाडीला चार.

बूट फाटला की काय होतं ते चाकाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. ताशी साठच्या वेगाला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला सुमारे सहाशे फेरे घेतं. चिरेतून ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि रिमच्या आत, लोअर आर्मवर, शॉकअबवर काळी रेघ उमटते. ही रेघ दिसली आणि गाडीचा आवाज अजून आलेला नसला, तर गिऱ्हाईक नशीबवान. त्या टप्प्यावर जॉइंट सोडवून, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन, गोळ्या-खाचा तपासून, नवं ग्रीस आणि नवा बूट घातला की काही शेकड्यांत काम होतं. हे दिवस निसटले की आत माती शिरते. राहिलेलं ग्रीस आणि माती मिळून व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं मिश्रण होतं आणि प्रत्येक फेऱ्याला ते पोलाद खात राहतं.

आमच्या भागात तर मातीचा तुटवडा नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल, गगनबावड्याच्या घाटातून येणाऱ्या गाड्यांना चिकटलेली तांबडी माती आणि पावसाळ्यात या दोन्हींचा रबडा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा पाण्यात राहिलेल्या गाड्या कित्येक आठवडे गॅरेजांमध्ये येत होत्या. सगळ्यांचं लक्ष इंजिन आणि वायरिंगकडे. ज्या गाड्यांचे बूट धड होते त्यांचे जॉइंट उघडल्यावर आत ग्रीस जसंच्या तसं काळं निघायचं. बुटाला बारीक चीर असलेल्यांचं ग्रीस मात्र राखाडी, पातळ, ताकाळलेलं. तशा गाड्या वाळल्या, सुरू झाल्या, घरी गेल्या आणि काही महिन्यांनी ‘कट कट’ करत परत आल्या. पुरानंतर गाडी घेताना शाफ्टचे बूट बघा, हे मी तेव्हापासून सांगतो. सीटखालचा गाळ पुसता येतो, बुटातलं पाणी कुणी पुसत नाही.

आवाजावरून रोग ओळखणं ही या कामातली पहिली परीक्षा. एक भाड्याची गाडी चालवणारे दादा आले. “मिस्त्री, शाफ्ट गेलाय. वेग घेतला की घुंऽऽ करतंय.” दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना शाफ्टची किंमतही सांगितलेली. गाडीत बसून चक्कर मारली. घुमणं वेगाबरोबर वाढत होतं, एका बाजूला वळल्यावर वाढायचं, दुसऱ्या बाजूला कमी व्हायचं. तो चाकाचा बेअरिंग होता. शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा आवाज घुमत नाही, तो मोजून घेता येतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, सावकाश गोल फिरवत थोडी रेस दिली की ‘कट-कट-कट’. चाकाचा वेग वाढला की कटकट जलद होते. आतला जॉइंट गेला तर वेगळंच. रेस दिली की गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत. त्यावर कित्येक गाड्यांची व्हील बॅलन्सिंग दोन-दोनदा झालेली असते. थरथर वेगाने येते की रेसने, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी तो खर्च वाचला असता.

शाफ्ट काढणं हे ताकदीचं काम वाटतं, पण ते क्रमाचं काम आहे. गाडी जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट ढिला करायचा. त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची, मग लांब दांडीचा पाना. त्यानंतर जॅक आणि घोडी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारा पोऱ्या मी गॅरेजात ठेवत नाही. चाक काढलं, खालचा बॉल जॉइंट सोडवला, नकल बाहेर ओढला. हबच्या दात्यांत गंज धरला असेल तर शाफ्ट हलत नाही. अशा वेळी लोखंडी हातोडा थेट आट्यांवर बसला की शाफ्ट वाया. जुना नट टोकावर उलटा चढवायचा, मधे पितळेचा तुकडा धरायचा आणि मग ठोका द्यायचा. गिअरबॉक्सकडची बाजू पहारीने जॉइंटच्या काठावर जोर देऊन काढायची. शाफ्ट हातात धरून हिसका मारला की आतले तीन रोलर बुटातच सुटतात आणि चांगला जॉइंट उगाच उघडावा लागतो.

शाफ्ट निघाला की गिअर ऑइल वाहतं. खाली भांडं नसेल तर फरशी भरते आणि ऑइल किती गेलं तेही कळत नाही. त्या तोंडावरचा ऑइल सील जुना असेल तर त्याच वेळी बदलायचा. नवा शाफ्ट आत ढकलल्यावर आतली रिंग बसल्याचा ‘टक’ हाताला कळला पाहिजे, आणि मग ओढून बघायचं. हबचा नट दर वेळी नवा. कसायचा तो टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. छोट्या गाड्यांत तो साधारण दीडशे ते दोनशे न्यूटन-मीटरच्या घरात असतो. हा नट फक्त शाफ्ट धरत नाही, चाकाचा बेअरिंगही दाबून धरतो. हवेच्या गनने ‘घर्रर’ करून सोडून दिलेले नट आणि त्यानंतर वर्षभरात गेलेले बेअरिंग यांचा संबंध मी पुष्कळदा पाहिला आहे. शेवटी गिअर ऑइलची पातळी. एका गिऱ्हाइकाचा शाफ्ट दुसरीकडे बदललेला, काम सुबक, पण ऑइल कुणी भरलंच नव्हतं. ते माझ्याकडे आले तेव्हा गिअरबॉक्स ओरडत होता.

आता निवडीचं बोलू.

एक तरुण मुलगा स्वतःच शाफ्ट घेऊन आला. काळा रंग चकचकीत, नव्या पट्ट्या, वर ‘रिकंडिशन’ची चिकटपट्टी. किंमत कंपनीच्या नव्या शाफ्टच्या पाव हिश्श्याएवढी. मी बाहेरचा जॉइंट हातात धरून सगळ्या बाजूंना वाकवून बघितला. एका जागी तो किंचित अडत होता आणि दुसऱ्या जागी ढिला पडत होता. त्याला सांगितलं, हा परत कर. तो म्हणाला, “बसवा की. पैसे दिलेत, परत घ्यायला तो तयार न्हाई.” मग बिलावर लिहून घेतलं की माल गिऱ्हाइकाचा, आणि बसवला. काही आठवड्यांत गाडी परत आली. बूट कापून जॉइंट उघडला. खाचा घासून मोठ्या केलेल्या, त्यांत जाड गोळ्या घातलेल्या. घासताना वरचा कडक थर संपला होता. कारखान्यात या खाचांना वरवर कडकपणा दिलेला असतो, आतलं पोलाद त्या मानाने मऊ. तो थर खरवडून काढला की नवी गोळी काही दिवसांत मऊ पोलादात आपला खड्डा पाडते. या जॉइंटच्या खाचांमध्ये नखाला लागतील असे खड्डे पडले होते. मुलाने बोट फिरवून पाहिलं आणि पुढे काही बोलला नाही.

यानंतर बरीच वर्षं मी रिकंडिशन मालाकडे पाठ फिरवली. “नवाच घ्या” एवढं सांगून मोकळा व्हायचो. ते सोपं होतं, पण सगळ्यांना परवडणारं नव्हतं. पंधरा वर्षं जुन्या, बाजारात फार तर लाखभर येतील अशा गाडीला त्या किमतीचा मोठा हिस्सा घालून दोन शाफ्ट बसवा, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि काही गाड्यांना नवा शाफ्ट वेळेवर मिळेलच असं नाही. शेवरलेने २०१७च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक पार्टसाठी फोनवर फोन करत असतात.

माझं मत बदललं ते एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात. तिथला माणूस फक्त शाफ्ट आणि स्टिअरिंग रॅक दुरुस्त करायचा. मी त्याच्या मशीन बघायला गेलो होतो, पण माझी नजर गेली ती कोपऱ्यातल्या ढिगाकडे. वाट्या, केज, गोळ्या, अख्खे शाफ्ट, सगळं एकावर एक टाकलेलं. मी विचारलं, हे काय? म्हणाला, “नापास माल. भंगारवाला महिन्यानं येतो.” तो जुना जॉइंट धुवायचा, दिव्याखाली प्रत्येक खाच बघायचा, केजच्या खिडकीला चीर आहे का ते तपासायचा, गोळी मायक्रोमीटरने मोजायचा. खाचेत खड्डा दिसला की वाटी ढिगात. घासून वाचवायचा प्रयत्नच नाही. जे जॉइंट फक्त बूट फाटल्यावर वेळेत थांबलेले, तेवढेच नवं ग्रीस, नवे बूट, नव्या पट्ट्या आणि नव्या सर्क्लिप घालून बाहेर पडायचे. गरज पडली तर तो बाहेरचा जॉइंट अख्खा नवा घालायचा आणि बिलावर तसं लिहायचा. दांडा मूळ कंपनीचा, म्हणजे पोलाद खात्रीचं.

तिथे मला उमगलं की रिकंडिशन माल चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कुणी केला आणि त्याने काय फेकून दिलं, हे विचारायला हवं. ज्याच्या दुकानात भंगाराचा ढीग नाही, त्याचं भंगार आपल्या गाडीत येतं.

तेव्हापासून मी रिकंडिशन शाफ्ट लावतो, पण चार गोष्टी बघूनच. जुना शाफ्ट शेजारी ठेवून लांबी आणि दात्यांची संख्या मोजतो. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत त्या वेगळ्या असू शकतात. एबीएस असेल तर बाहेरच्या जॉइंटवरची दात्यांची रिंग आहे का आणि दाते तेवढेच आहेत का ते बघतो. एका गाडीत रिंगशिवायचा शाफ्ट बसवलेला आला होता. शाफ्ट शांत होता, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा कायमचा पेटलेला. लांब शाफ्टवर कंपन मारण्यासाठी रबरात बसवलेलं वजन असेल, तर तेही जागेवर हवं. आणि दात्यांवर किंवा दांड्यावर वेल्डिंगची खूण दिसली तर तो शाफ्ट हातातही धरत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद बिघडतं, आणि तुटायचा तो नेमका घाटात तुटतो.

अगदी स्वस्तातला बिननावाचा नवा शाफ्ट आणि चांगल्या हाताने केलेला मूळ कंपनीचा रिकंडिशन शाफ्ट यांत मी दुसरा घेतो. पण गाडी भाड्याने पळत असेल, रोज घाट चढत असेल किंवा मालकाला ती अजून दहा वर्षं ठेवायची असेल, तर सरळ कंपनीचा किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्याचा नवा. कारण मजुरी दोन्हीकडे तेवढीच लागते आणि तेच काम वर्षात दुसऱ्यांदा करावं लागलं की वाचवलेले पैसे मजुरीत जातात. भंगार बाजारातला शाफ्ट मी फक्त तेव्हाच घेतो, जेव्हा तो ज्या गाडीतून निघाला ती डोळ्यांनी बघितलेली असते.

धंद्यातली आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. महाग पार्टवर मिस्त्रीला जास्त सुटतात. म्हणून बूट बदलून भागणार असतं तिथेही शाफ्टच सांगितला जातो. उलटही होतं. गोळ्या खाल्लेल्या जॉइंटवर नवा बूट चढवून गाडी शांत झाल्याचं दाखवतात. जाड ग्रीस काही दिवस आवाज दाबतं. एक निवृत्त शिक्षक दर पावसाळ्याआधी येतात, गुडघे दुखत असले तरी रॅम्पखाली वाकतात आणि बॅटरी मारून चारही बूट स्वतः बघतात. त्यांच्या गाडीला दोनदा बूट लागले, शाफ्ट एकदाही नाही. त्यांच्याशी कुठल्याही मिस्त्रीला खोटं बोलता यायचं नाही.

तुम्हीही तेवढंच करा. ऑइल बदलायला गाडी वर चढली की पाच मिनिटं खाली जाऊन चारही बूट बघा. चुण्यांच्या तळाशी चिरा, सुटलेली पट्टी किंवा रिमच्या आत काळ्या ग्रीसची रेघ दिसली तर त्याच दिवशी बूट बदलून घ्या. आणि शाफ्टच बदलायची वेळ आली, तर किंमत विचारण्याआधी जुना जॉइंट समोर उघडायला सांगा आणि खाचांवरून स्वतःचं नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर बूट घाला, अडकलं तर शाफ्ट बदला. जो मिस्त्री जॉइंट उघडून दाखवायला तयार नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका.